शंका घेऊनच ख्रिस्तापुढे कसे जावे

आई अतिदक्षता विभागात होती ते अकरा दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून प्रार्थना केली, आणि बाराव्या दिवशी सकाळी आम्ही तिला शववाहिकेतून घरी आणले. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष मला नीट प्रार्थना करता आली नाही. डोळे मिटले की त्या विभागाच्या दाराची वाटोळी काच दिसे. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढे शब्द ओठांवर येत आणि पुढचे घशातच अडकत. रविवारची उपासना मी सोडली नव्हती, पण तीही वडिलांना एकटे पाठवणे जिवावर येई म्हणून. त्या दीड वर्षात मी पुष्कळ चुका केल्या, काही गोष्टी नकळत बरोबरही केल्या, आणि पुढे मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, इतर दुःखितांजवळ बसू लागल्यावर त्यांतल्या कोणत्या गोष्टी खरोखर उपयोगी पडतात हे हळूहळू कळत गेले. ते येथे सांगतो.

वाचणाऱ्यांपैकी काही जण ख्रिस्ती घरात जन्मलेले आणि आता विश्वास डळमळलेले असतील, तर काही जण दुसऱ्या धर्मात वाढलेले आणि संकटाच्या वेळी येशूच्या ओढीने त्याच्याविषयी विचार करू लागलेले असतील. दोघांची वाट बऱ्याच अंतरापर्यंत एकच आहे. जेथे ती वेगळी होते तेथे तसे सांगेन.

आधी शंका फिटू दे, मन स्थिर होऊ दे, मग देवापुढे जाऊ, असे आपल्याला वाटते. मीही तसेच थांबून राहिलो आणि दीड वर्ष वाया घालवले. पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, माणसे तशी थांबलेली दिसत नाहीत. येशूच्या चार चरित्रांपैकी एक असलेल्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला येशूकडे आणतो. शिष्यांकडून काही झालेले नसते, लोक जमलेले असतात, आणि तो बाप एका श्वासात दोन गोष्टी बोलतो: माझा विश्वास आहे, आणि माझ्या अविश्वासात मला साहाय्य कर. येशू त्याला आधी मन पक्के करून ये असे सांगत नाही; मुलाला बरे करतो. मत्तयाने तर शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी, पुनरुत्थित येशू डोंगरावर समोर उभा असतानाही काहींना संशय वाटला, असे स्वच्छ लिहून ठेवले आहे, आणि सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा त्याच जमावाला मिळाली आहे. म्हणून या लेखातली प्रत्येक सूचना एकाच गोष्टीकडे जाते: शंका मिटण्याची वाट न पाहता, ती जशी आहे तशी हातात घेऊन ख्रिस्ताशी बोलायला बसावे.

पहिल्यांदा शरीराकडे पाहावे

ही सूचना फार साधी वाटेल, पण ती शास्त्रातलीच आहे. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर लगेच जिवाच्या भीतीने रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून, आता माझा प्राण घे, असे देवाला म्हणाला. पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय काढून पाहा. देवाने त्याला उपदेश केला नाही, दोषही दिला नाही. तो झोपला. दूताने त्याला उठवले तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला, पुन्हा झोपला, पुन्हा उठवून त्याला जेवू घातले गेले, आणि त्यानंतर चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगराशी पोचला. देवाची ती मंद वाणी त्याने ऐकली ती तेथे, पोटात अन्न पडल्यावर आणि शरीराला विसावा मिळाल्यावर.

आपला विश्वास गेला असे ज्यांना वाटते, त्यांतल्या कित्येकांची झोप गेलेली असते. रात्रंदिवस रुग्णाची सेवा केलेली असते, कर्जाच्या हप्त्यांनी डोके पिंजलेले असते, चार-चार महिने धड जेवण झालेले नसते. अशा स्थितीत देव आहे की नाही याचा निकाल लावायला बसू नये. दोन आठवडे वेळेवर झोपावे, जेवावे, उन्हात चालावे, आणि मग प्रश्न पुन्हा हातात घ्यावा. दोन आठवड्यांनंतरही कशातच मन लागत नसेल, सतत रडू येत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर आहेत. केंद्र सरकारच्या टेलि मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे जो सांगेल त्याचे ऐकू नका. एलीयाला भाकर पाठवणारा देव डॉक्टरच्या हातूनही ती पाठवतो.

शंका कोणत्या जातीची आहे ते ओळखावे

‘माझा विश्वास उरला नाही’ या एका वाक्यात निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि प्रत्येकीवरचा उपाय निराळा असतो. कोणाला खरोखरच बुद्धीचा प्रश्न पडलेला असतो: पुनरुत्थान घडले कशावरून, शुभवर्तमाने केव्हा लिहिली गेली, उत्पत्तीच्या पुस्तकाचा आणि विज्ञानाचा मेळ कसा घालायचा. या प्रश्नांना अभ्यासाची गरज असते, आणि ‘प्रश्न विचारू नका, विश्वास ठेवा’ असे सांगून ते दडपले तर आतल्या आत कुजतात. कोणाचा प्रश्न बाहेरून बुद्धीचा दिसतो, पण आत जखम असते. लेकरू गेलेल्या आईने ‘देव सर्वशक्तिमान असेल तर’ अशी सुरुवात केली की तिच्यापुढे तत्त्वज्ञान मांडणे हा निव्वळ क्रूरपणा आहे. कोणाचा देवावर राग नसतोच. राग असतो मंडळीवर, वर्षानुवर्षे चाललेल्या भांडणांवर, कमिटीच्या निवडणुकीवर, गरीब कुटुंबाच्या लग्नात तोंड फिरवणाऱ्या लोकांवर. आणि काहींची शंका म्हणजे फक्त कोरडेपणा असतो: काही वाईट घडलेले नसते, प्रश्नही नसतो, पण उपासनेत काहीच वाटत नाही.

एका वहीत तारीख घालून तुमची शंका दोन-तीन वाक्यांत लिहून काढा. ‘मला शंका आहे’ एवढे लिहून थांबू नका. कशाविषयी, केव्हापासून आणि त्याआधी काय घडले, हे लिहा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या आवेशाने प्रार्थनेच्या परिणामाविषयी काहीतरी तात्त्विक लिहिले होते. चार दिवसांनी वाचले तेव्हा लक्षात आले की खरे वाक्य एवढेच होते: मी मागितले आणि तू दिले नाहीस. ते वाक्य लिहिल्यावर मला पहिल्यांदा रडू आले, आणि आपण कोणाशी बोलत आहोत हेही कळले, कारण ‘तू’ हा शब्द लिहिताना समोर कोणीतरी असावेच लागते.

तक्रारीची प्रार्थना कशी करावी

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. आपल्या उपासनेत स्तुतीची स्तोत्रे अधिक वाचली जातात, त्यामुळे हा खजिना घरात असूनही पुष्कळांच्या हाती लागत नाही. देवाविषयी तक्रार करणे आणि देवाकडे तक्रार करणे यांत फार अंतर आहे. पहिल्यात आपण त्याला बाहेर ठेवून बोलतो. दुसऱ्यात भांडण असले तरी नाते तुटलेले नसते. मराठी माणसाला हे नव्याने शिकवायला नको. जनाबाईने विठ्ठलाला कसे खडे बोल सुनावले ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो असे रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, त्यामागे या जिव्हाळ्याच्या भाषेचीही ओळख होती.

सुरुवात तेराव्या स्तोत्राने करावी. ते अवघ्या सहा ओव्यांचे आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हाच प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोहोंत मागणे आहे. शेवटच्या दोहोंत, काहीही बदललेले नसताना, भरवसा आहे. हे स्तोत्र एकदा मोठ्याने वाचावे आणि मग वहीत त्याच घडणीवर आपले लिहावे. आधी देवाला हाक मारावी, ज्या नावाने तोंडातून निघेल त्या नावाने. मग तक्रार लिहावी, आणि ती लिहिताना भाषा धुऊन-पुसून घेऊ नये. कर्जाचा आकडा, रुग्णालयाचे बिल, नवऱ्याची दारू, मुलाची नापास झालेली परीक्षा, जे आहे ते नावानिशी लिहावे. मग काय हवे ते मागावे. शेवटी, मनात असेल तरच, भरवशाचे एक वाक्य लिहावे. मनात नसेल तर ती जागा कोरी सोडावी.

ही कोरी जागा सोडायची मुभा मी माझ्या मनाने देत नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचून पाहा: ते हाकेने सुरू होते, तक्रारीत पुढे जाते आणि अंधाराच्या उल्लेखावर संपते. त्याला गोड शेवट जोडण्याचा मोह संकलकांना झाला नाही, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. वधस्तंभावर स्वतः येशूच्या मुखी बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओवी आली: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ज्या वेळी तुमच्या तोंडून दुसरे काहीच निघत नाही, त्या वेळी ही ओवी म्हणा. तुम्ही त्याच्याच शब्दांत प्रार्थना करीत असाल.

वेळ थोडा ठेवा. दहा मिनिटे पुरेत, पण ती रोज एकाच वेळी आणि एकाच जागी असावीत. मी पहाटेची वेळ ठरवली आणि आठवडाभरात मोडली. पुढे रात्री स्वयंपाकघरातली भांडी आवरून झाली की तेथेच ओट्याशेजारच्या स्टुलावर बसू लागलो आणि ते टिकले. शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना म्हणावी, तीही अडली तर जेथे अडली तेथेच थांबावे. बुडणाऱ्या पेत्र या शिष्याने पाण्यावर मारलेली हाक फक्त ‘प्रभू, मला वाचव’ एवढी होती.

शुभवर्तमान कसे वाचावे, आणि रमाबाईंचा अनुभव

संकटात पुष्कळ जण डोळे मिटून बायबल उघडतात आणि ज्या ओळीवर बोट पडेल तो देवाचा निरोप समजतात. असे करू नये. एक शुभवर्तमान निवडून ते सुरुवातीपासून, गोष्टीमागून गोष्ट, रोज एकेक प्रसंग असे वाचावे. मार्क सर्वांत लहान आहे, सोळा अध्यायांचा. लूक चोवीस अध्यायांचा असून त्यात स्त्रिया, गरीब, परके आणि हरवलेले यांच्या कथा अधिक आहेत. बायबल सोसायटीचे जुन्या वळणाचे ‘पवित्र शास्त्र’ किंवा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’, यांपैकी जे घरात असेल ते घ्यावे. प्रत्येक प्रसंग वाचल्यावर स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत: या माणसाने येशूपुढे काय आणले, आणि येशू त्याच्याशी कसा वागला. शिकवण कोणती मिळाली हा प्रश्न सध्या बाजूला ठेवला तरी चालेल. विश्वास आधी व्यक्तीवर बसतो, मतांवर नंतर.

याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे, आणि त्यांची कथा पुष्कळदा फार गुळगुळीत करून सांगितली जाते म्हणून थोडी सविस्तर देतो. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर हे कुटुंब तीर्थांतून पुराणे सांगत फिरत होते. १८७४ च्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण गेली. भावाबरोबर त्या पायी देशभर हिंडल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. त्यांची मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही झालेली नव्हती. म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत त्यांनी लहानग्या मुलीवाचून जवळचे जवळजवळ सारे माणूस गमावले होते.

सिल्चरला राहत असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली होती. त्यांची ओढ तेथून सुरू झाली, पण बाप्तिस्मा झाला तो इंग्लंडात वाँटेज येथे, २९ सप्टेंबर १८८३ रोजी. त्याआधी लंडनमधल्या फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना धर्मभगिनी किती मायेने सांभाळतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि या दयेचे मूळ काय असे विचारले; उत्तरादाखल त्यांना योहानच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची भेट वाचायला मिळाली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: वाचन आणि पाहणे ही दोन्ही त्यांच्या बाबतीत एकत्र आली. शुभवर्तमान वाचताना आपल्या आसपास ते कोण जगत आहे हेही शोधावे; रुग्णालयातली एखादी परिचारिका, अनाथाश्रमातली एखादी ताई, शेजारची विधवा काकू.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंच्या शंका संपल्या नाहीत, उलट वाढल्या. इंग्लंडातच चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव), चमत्कार, चर्चचा अधिकार अशा विषयांवर त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन आणि कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून कडक वाद घातला. दुसऱ्याच्या सांगण्यावरून काही मानायला त्या तयार नव्हत्या. पुढे त्यांनीच लिहून ठेवले की १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळालेला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आले. मधल्या आठ वर्षांत त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्यांनी अमेरिकेचा दौरा केला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, आणि वाचन व वाद चालूच ठेवले. ज्यांची शंका बुद्धीची आहे त्यांनी हा नमुना डोळ्यांपुढे ठेवावा. प्रश्न वहीत एका बाजूला लिहावेत, जाणत्या पाळकांना किंवा फादरांना एकेक करून विचारावेत, उत्तर पटले नाही तर तसे सभ्यपणे सांगावे, आणि हे चालू असताना हातातले काम आणि रोजची दहा मिनिटे सोडू नयेत.

दुसऱ्या धर्मातून येणाऱ्यांसाठी येथेच एक सांगणे आहे. संकटात असताना बाप्तिस्म्याची घाई करू नका, आणि कोणी घाई करीत असेल, पैशाची किंवा बरे होण्याची अट घालीत असेल, तर तेथून उठून या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मात्र आपल्या मनाने निर्णय घ्यायला आणखी सुमारे पाच वर्षे घेतली, आणि त्या पाच वर्षांची किंमत त्यांच्या विश्वासाच्या खरेपणात दिसते. घरच्यांना अंधारात ठेवू नका. आपल्या राज्यातले कायदे जाणून घ्या. ख्रिस्ताला घाई नसते.

‘हे माझ्याच वाट्याला का’

या प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही आणि ते देणाऱ्यांपासून मी दूर राहतो. पण येशूने काय नाकारले ते नक्की सांगता येते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. येशूने दोन्ही नाकारले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती काय, असे त्यानेच विचारले आणि त्यानेच नाही म्हटले. आपल्या समाजात दुःखिताकडे बोट दाखवून कोणाच्या पापाचे फळ हे शोधण्याची सवय फार खोल आहे, आणि ख्रिस्ती घरांतही ती वेगळ्या शब्दांत नांदते. तुमच्या मुलाचा आजार, तुमची नोकरी जाणे, तुमचा गर्भपात ही देवाने तुम्हाला केलेली शिक्षा आहे असे कोणी सुचवले, तर योहानचा नववा अध्याय आणि लूकचा तेरावा अध्याय त्यांच्यापुढे ठेवा.

दुसरी गोष्ट येशूचा मेलेला मित्र लाजर याच्या थडग्यापाशी घडते. आता काही क्षणांत आपण याला उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. मला हे वाक्य पूर्वी विसंगत वाटे. आई गेल्यानंतर ते एकमेव वाक्य असे राहिले की ज्यावर पाय ठेवता येत होता. पुनरुत्थानाची आशा धरायची म्हणजे आजचे रडे खोटे ठरवायचे, असा अर्थ शुभवर्तमानात कोठेही निघत नाही. आणि बायबलचा देव दुःखाचे स्पष्टीकरण दुरून पाठवत नाही. तो त्या दुःखात उतरून मरतो, हा ख्रिस्ती विश्वासाचा गाभा आहे. तो खरा आहे की नाही, हे तपासावे ते याच जागी, वधस्तंभापाशी.

माणसांतून उठून जाऊ नये

येशूच्या थोमा या शिष्याला आपण ‘संशयी थोमा’ म्हणतो, पण योहानच्या विसाव्या अध्यायात एक बारकावा आहे तो सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या रविवारी तो इतरांबरोबर नव्हता. आठ दिवसांनी, अजून विश्वास बसलेला नसताना, जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही असे म्हटलेले असताना, तो त्याच बंद दाराच्या घरात त्याच शिष्यांबरोबर बसलेला आहे. त्यांनी त्याला बाहेर काढले नाही आणि तोही निघून गेला नाही. येशू आला तो त्या घरात. केरळातल्या परंपरेनुसार इसवी सन ५२ मध्ये शुभवर्तमान घेऊन आपल्या देशात आला तो हाच थोमा.

म्हणून उपासनेला, मिस्साला जाणे सोडू नका. मागच्या बाकावर बसा. गाणे म्हणवत नसेल तर गप्प राहा. ‘उपासना संगीता’तले गीत शेजारच्या आजी म्हणत असतील, ते तुमच्या वतीनेही म्हटले जात असते. प्रभुभोजनाविषयी मनात अडखळ असेल तर पाळकांशी आधी बोला, पण केवळ काही वाटत नाही म्हणून त्यापासून दूर राहू नका. वसईकडच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी सारे मिळून रोजरी म्हणतात, तेथे शब्द ठरलेले असतात आणि आवाज अनेकांचा असतो; थकलेल्या माणसाला याचा किती आधार होतो हे पाहिल्यावर ठरलेल्या प्रार्थनांविषयीचे माझे जुने मत मी बदलले.

मंडळीत एक माणूस निवडा आणि त्यालाच सांगा. तो फार बोलणारा नसावा, ऐकलेले दुसरीकडे नेणारा नसावा, आणि स्वतः कधी दुःखातून गेलेला असावा. त्याला म्हणा: मला उत्तर नको, महिन्यातून दोनदा माझ्याजवळ बसा आणि माझ्यासाठी प्रार्थना करा. आई गेल्यावर आमच्या मंडळीतल्या एका वयस्क बाई चौदा दिवस रोज दिवेलागणीला येत. चहा त्या स्वतःच टाकीत. वडिलांना एक कप, मला एक कप देत, आपला कप घेऊन खाली सतरंजीवर बसत आणि तासाभराने कप विसळून पालथे घालून जात. एकाही दिवशी त्यांनी वचन सांगितले नाही. त्याच दिवसांत दुसऱ्या एकांनी मला बाजूला घेऊन, तुमच्या प्रार्थनेत विश्वास कमी पडला असावा, असे सांगितले होते. बायबलमध्ये सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते बरोबर होते. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि शेवटी देवाने राग धरला तो त्यांच्यावर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. ज्यांनी मंडळीत अशा बोलण्याचा किंवा त्याहून वाईट वागणुकीचा घाव सोसला आहे, त्यांनी दुसरी मंडळी शोधली तर तो विश्वासत्याग होत नाही. अत्याचार झाला असेल तर क्षमेच्या नावाखाली तो झाकू नका, पोलिसांत जा.

कोरडेपणा लांबला तर

कधीकधी हे सारे करूनही आत काहीच हलत नाही. मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या आणि त्यांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. कोलकात्यातल्या मरणोन्मुख माणसांना उचलण्याचे काम त्यांनी त्या अंधारात केले. हे वाचून कोणाला धक्का बसतो. मला धीर येतो. जाणवणे हे देवाचे देणे आहे, ते आपल्याला ओढून आणता येत नाही. बसणे, वाचणे, भुकेल्याला जेवू घालणे हे मात्र आपल्या हातात आहे.

या काळात एक नियम कटाक्षाने पाळावा. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत पायाला तोफगोळा लागून अंथरुणाला खिळले आणि त्या दिवसांत त्यांनी आपल्या मनाची चढउतार बारकाईने न्याहाळली. त्यातून पुढे त्यांनी दिलेला नियम असा की मन उदास आणि अंधारलेले असताना, पूर्वी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. मंडळी सोडणे, लग्न मोडणे, सेवाकार्याचा राजीनामा देणे, असे निर्णय वहीत लिहून ठेवावेत आणि उजेड आल्यावर पुन्हा पाहावेत.

रमाबाईंच्या आयुष्यात पहाट झाल्यावर पुन्हा रात्र आलीच. त्यांची मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी गेली. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू व ग्रीकमधून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर पुरे करीत होत्या. त्यांनीच उभारलेल्या केडगावच्या मुक्ती सदनातल्या छापखान्यात तेथल्याच स्त्रिया ते छापत. मुलगी गेल्यावर त्यांनी ते काम थांबवले नाही. ते शेवटास नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्या महिन्यांत त्यांच्या मनात काय चालले असेल ते मी सांगू शकत नाही. पण स्तोत्रसंहितेतले ‘कोठवर’ त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलेले होते, एवढे खरे.

वही भरली की ती टाकू नका. वर्ष झाल्यावर, त्याच तारखेला, पहिल्या पानापासून वाचा. ज्या मागण्यांचे काही झाले त्यांच्यापुढे बारीक खूण करा, ज्यांचे झाले नाही त्या तशाच राहू द्या, आणि भरवशाच्या वाक्यासाठी सोडलेल्या कोऱ्या जागा पाहा. माझ्या पहिल्या वहीत अशा सत्तावीस जागा आहेत. त्यांतल्या काही मी नंतर, वेगळ्या शाईने, भरल्या आहेत. आईच्या वाढदिवसाच्या पानावरची जागा अजून कोरी आहे, आणि ते पान उघडून मी अजूनही दर वर्षी ख्रिस्ताशी बोलतो.